फरशीची तक्रार

नव्या फरशीवर नाण्याने हलकेच ठोकून पाहावे. आवाज पोकळ आला, तर खालचा मसाला सर्वत्र पोहोचलेला नाही असे समजावे. अशी फरशी पुढे उचलते किंवा तडकते. न्हाणीघरातील पाणी कोपऱ्यात साचत असेल, तर उतार चुकलेला असतो. दोष दिसताच छायाचित्रे काढून कंत्राटदाराला मुदत घालून लेखी कळवावे. सगळाच मोबदला अडवून धरणे मात्र न्याय्य नव्हे. नीट झालेल्या कामाचे पैसे कारागिराला मिळालेच पाहिजेत. तरीही दुरुस्ती झाली नाही, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वकील नेमण्याची सक्ती नाही. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्कही नाही. पावती हाती नसेल, तर बँकेतून दिलेल्या रकमेची नोंद जोडावी.