हिवाळ्यांतील तितर व शेतकऱ्याचें कर्तव्य

अहिल्यानगर जिल्ह्यांतील कर्जत, श्रीगोंदें, जामखेड या तालुक्यांत शाळू निसवूं लागला म्हणजे पहाटे बांधावरील कांटेरी झुडुपांतून तितराची खणखणीत हांक कानीं येते. ती न ऐकलेला शेतकरी विरळा; परंतु त्या पाखराचा हिवाळ्यांतील दिनक्रम लक्षपूर्वक पाहणारे थोडे. पाखरें धरणाऱ्यांस मात्र तो चांगला ठाऊक असतो. शेतकऱ्यानेंही तो जाणावा, एवढ्याकरितां आम्ही हा लेख लिहीत आहों.

तितर हा सुमारें एक फूट लांबीचा, मातकट तपकिरी रंगाचा, अंगावर बारीक रेघा असलेला पक्षी होय. मादी मुख्यतः उन्हाळ्यांत व पावसाळ्यांत जमिनीवरील उथळ खळग्यांत अंडीं घालते. पिलें मोठीं झालीं तरी कुटुंब लगेच फुटत नाहीं. चार ते आठ पक्ष्यांचा थवा हिवाळ्यांत एकत्र राहतो, व थंडी सरतांना त्यांतून जोड्या निघून आपापली जागा धरितात.

उजाडतांच थवा झाडावरून उतरतो. सकाळीं व तिसऱ्या प्रहरीं तो गवताचें बीं, सांडलेले दाणे, वाळवी व किडे टिपीत हिंडतो. दुपारीं झुडुपाच्या सावलींत विसांवतो, मऊ मातींत धुळीचें स्नान करितो. दिवस मावळतां हिवर, बाभूळ, बोर अशा कांटेरी झाडांवर तो रात्रीचा निवारा घेतो.

अशा राहणींत लाभ आहे. शिकरा किंवा मुंगूस एकास दिसलें कीं सर्व सावध होतात. धोका दिसतां ते प्रथम पळतात. फारच जवळ गेल्यास फडफडाट करीत चोहोंकडे उडतात, थोड्या अंतरावर उतरतात, आणि हांका मारून पुन्हां एकत्र येतात.

परंतु जी रीत शिकऱ्यापासून वांचविते, तीच माणसापुढें घातक ठरते. पळण्याच्या वाटेवर फांस मांडतां येतो. हांकेस ओ देण्याच्या संवयीमुळें पिंजऱ्यांतील पाळीव तितर रानांतल्या तितरास ओढून आणतो. आणि निवाऱ्याचें झाड कळलें कीं एका रात्रींत सबंध थवा हातीं लागतो. थव्यांतील पक्षी हेच पुढील वर्षाचें बीं होय. घरांत राखलेलें बियाणें दळून खाणाऱ्याचें जें होतें, तेंच येथें होतें.

याचा अनुभव आम्हीं घेतला आहे. आमच्या बांधावरील हिवरावर सात तितर बसत, व आम्ही तें आल्यागेल्यास कौतुकानें दाखवीत असूं. एका पौषांत सकाळीं झाडाखालीं केवळ पिसें आढळलीं. फाल्गुनांत बांधावर एकही हांक उठली नाहीं. धरणाऱ्याचा दोष खरा. परंतु जागा दाखविणारे आम्हीच होतों.

कायद्याची बाजूही ध्यानीं ठेवावी. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा असून १९९१ सालच्या दुरुस्तीनें परवान्यानें शिकार करण्याची वाटही बंद झाली. गोळी घालणें हीच शिकार असें नव्हे. फांस लावणें, जिवंत धरणें, अंडीं नेणें हीही शिकारच होय.

कोणी म्हणेल, रानपाखरांकरितां अभयारण्यें आहेत. कर्जत तालुक्यांतील रेहेकुरीचें अभयारण्य १९८० सालीं काळविटांकरितां झालें. त्याचें क्षेत्र अवघें सव्वादोन चौरस किलोमीटर आहे. तितरांचें खरें अभयारण्य म्हणजे आपले बांध. तितर उगवते कोंब थोडे खातो हें खरें. परंतु तो वाळवी व किडेही खातो, हें विसरूं नये.

म्हणून शेतकरी बंधूंस तीन गोष्टी सुचवितों. बांधावरील सर्वच झुडुपें तोडूं वा जाळूं नयेत. निदान एका बाजूचीं राखावींत. सकाळच्या फेरींत झुडुपांच्या फटी पाहाव्या, व फांस आढळल्यास वनरक्षकास कळवावें. आणि निवाऱ्याचें झाड परक्यास दाखवूं नये. ही तिसरी गोष्ट सर्वांत सोपी; तीच आम्हांस साधली नाहीं.