चिमुकल्या उपग्रहांचा अग्निबाण

मुलांनो, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ नावाचा उपग्रह घडविला. त्याचे वजन अवघे सुमारे १ किलोग्रॅम! २२ जून २०१६ रोजी तो श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेला. परंतु स्वतंत्र वाहनाने नव्हे. ७२७ किलोग्रॅम वजनाच्या ‘कार्टोसॅट’साठी निघालेल्या मोठ्या अग्निबाणात, इतर १८ उपग्रहांसमवेत, त्याला जागा मिळाली होती.

अशा सहप्रवाशाला मुख्य उपग्रहाच्या सोयीची वेळ व वाट पत्करावी लागते. ही अडचण दूर व्हावी म्हणून भारतीय शास्त्रज्ञांनी ‘एसएसएलव्ही’ हा ३४ मीटर उंचीचा लहान अग्निबाण रचला. त्याचे तीन मुख्य टप्पे घन इंधनावर चालतात. ५०० किलोग्रॅमपर्यंतचे ओझे तो ५०० किलोमीटर उंचीवर नेऊ शकतो.

७ ऑगस्ट २०२२ रोजी त्याचे पहिले उड्डाण फसले. दुसरा टप्पा विलग होताना बसलेल्या हादऱ्याने त्वरणमापक यंत्रे गोंधळली. शाळकरी मुलींनी सिद्ध केलेला ‘आझादीसॅट’ त्यात नष्ट झाला. शास्त्रज्ञांनी दोष हुडकला, विलगीकरणाची रचना बदलली. मुलींनीही नवा उपग्रह तयार केला. १० फेब्रुवारी २०२३ रोजी दुसऱ्या उड्डाणात तो नियोजित कक्षेत पोहोचला.

अपयशातील दोष जो प्रामाणिकपणे शोधतो, त्यालाच पुढची वाट सापडते.

प्रश्न : लहान उपग्रहांसाठी स्वतंत्र अग्निबाण का हवा?