काय लावू? आधी सांग, काय लावतेस?

बयो,

पुण्याला नोकरीला निघालीस. आईने लाडवांचे डबे भरले, बाबाने भाड्याच्या कराराच्या झेरॉक्स काढल्या. आत्याच्या वाट्याला काय उरलं, तर तुझा चेहरा. तेव्हा पाच मिनिटं बस आणि ऐक.

चिपळुणात 31 वर्षं पार्लर चालवलं मी. दोन खुर्च्या, एक आरसा. 2021 च्या जुलैत पूर आला, खुर्च्या चिखलात गेल्या, मग मीही दुकान आवरलं. तेवढ्या वर्षांत खुर्चीत टेकणाऱ्या जवळपास प्रत्येकीने एकच विचारलं, “ताई, काय लावू?” मी उलट विचारायचे, “आधी सांग, सध्या काय लावतेस?” बहुतेक वेळा दुखणं त्या उत्तरातच सापडायचं. आज तुला जे सांगायचंय ते सगळं त्या एका प्रश्नाभोवतीच आहे.

तोंड धुण्याची गोष्ट

चेहरा दिवसातून दोनदा धुवावा, घाम आला तर आणखी एकदा. त्याहून जास्त नको. आपली कातडी जरा आंबट असते, तिचा पीएच 5 च्या आसपास. अंगाचा नेहमीचा साबण 9-10 चा. कपडे धुतल्यासारखा तो चेहऱ्याला चोळला की वरचं तेलकट कवच निघून जातं. धुतल्यावर कातडी ताणल्यासारखी वाटते, तिला बायका ‘स्वच्छ’ म्हणतात. ती स्वच्छ नव्हे, उघडी पडलेली असते. सौम्य फेसवॉश घे आणि टॉवेलने घासू नकोस, नुसता टिपून घे.

इथली हवा दमट, म्हणून तुला कोरडेपणा माहीत नाही. पुण्याची थंडी कोरडी, आणि सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी असलं तर तेही जड. नोव्हेंबरात नडग्यांवर पांढऱ्या रेघा दिसायला लागतील. आंघोळ कोमट पाण्याने, आटोपशीर कर. अंग टिपल्यावर ते ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत खोबरेल किंवा साधं मॉइश्चरायझर लाव. पूर्ण वाळल्यावर लावलंस तर अडवून धरायला आत पाणीच उरलेलं नसतं. चेहऱ्यावर मुरूम येत असतील तर मात्र खोबरेल गळ्याच्या खालीच ठेव. ते छिद्रं बुजवतं.

उटणं आजीचं, पण आजीच्या रीतीने

तुझी आजी उटणं घरी करायची. मसुराचं पीठ, आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी आणि संत्र्याची वाळवलेली साल. आता मुली ते पाकीट आणून रोज चेहऱ्याला खसाखसा घासतात आणि चेहरा लाल झाला की आजीला बोल लावतात. अगं, अभ्यंगात आधी तेल असतं! अंगभर तेल जिरवायचं आणि उरलेलं तेल उटण्याने काढायचं. कोरड्या कातडीवर घासायला ते केलेलंच नाही. दिवाळी थंडीच्या तोंडाशी येते, तेव्हा ही रीत सोयीचीही होती. वर्षातले चार दिवस हौसेने लाव. एरवी लावायचंच झालं तर दुधात किंवा सायीत कालव, हलक्या हाताने फिरव आणि अर्धवट ओलं असतानाच धुवून टाक.

लिंबू सरबतात

लिंबाने रंग उजळतो म्हणून कुणीही सांगेल. लिंबाचा रस कमालीचा आंबट, कातडीला तो झोंबतोच. त्यात तो लावून उन्हात गेलीस तर भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात. ते जायला महिनोन्‌महिने लागतात. एप्रिलात सरबताची लिंबं पिळून तशाच उन्हात गेलेल्या बाईच्या हातांवर ओघळांच्या आकाराचे डाग मी पाहिलेत. खाण्याचा सोडा, मुरमावर टूथपेस्ट, कच्चा लसूण हे सगळं त्याच पंगतीतलं. स्वयंपाकघरातली वस्तू पोटाला चालते म्हणून चेहऱ्याला चालेलच असं नाही.

नवीन काहीही, घरचं असो की दुकानातलं, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लाव आणि दोन दिवस थांब. खाज, लाली, पुरळ काही आलं नाही तरच चेहऱ्याला. आणि एका वेळी एकच नवी वस्तू. चार एकदम आणल्यास तर चावलं कुणी ते कळणार कसं?

मुरमांना हात लावू नकोस

मुरूम मळाने येत नाहीत. वयात आल्यावर तेलाच्या ग्रंथी जास्त तेल करतात, छिद्र बुजतं, आत जंतू वाढतात. म्हणून कितीही घासलंस तरी ते जाणार नाहीत, चिघळतील मात्र. फोडलेस तर खड्डा राहतो, आणि आपल्या सावळ्या कातडीवर डागही जास्त काळ राहतो. बेंझॉइल पेरॉक्साइडचं 2.5 टक्क्यांचं जेल पुरे, रात्री पातळ थर. त्याने उशीचा अभ्रा नि टॉवेल जागोजागी पांढरे पडतात, तेव्हा जुने वापर, नाहीतर आईने दिलेला नवा टॉवेल वाया जाईल. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. कातडीचा वरचा थर बदलायलाच सुमारे चार आठवडे जातात, मग मलम चार दिवसांत कसं काम करेल?

मुरूम गाठीसारखे दुखत असतील, पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर केस वाढत असतील, तर पार्लर नाही, डॉक्टर. आणि मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या कुणी दिल्या तर त्या काळात दिवस राहता कामा नयेत. बाळात व्यंग होतं. लाजून हे विचारायचं राहू देऊ नकोस.

ऊन आणि वांग

माझ्या गालांवरचा वांग तुला माहीतच आहे. माझा मुलगा, तुझा दादा, पोटात होता तेव्हा आला, तो अजून आहे. पहिल्यांदा येणारी बाई आधी माझ्या गालांकडे बघायची, मग दाराकडे. मी सांगायचे, “बसा. वांग घालवून देते म्हणणारी बाई मी नाही, एवढं तर कळलंच तुम्हाला.”

वांगाला हार्मोन कारण आणि ऊन खतपाणी. ऊन थांबवलं नाही तर वरून कितीही मलमं लाव, तो परत येतो. सनस्क्रीन लावायचं ते गोरं होण्यासाठी नव्हे. एसपीएफ 30 चं सनस्क्रीन जाळणाऱ्या किरणांपैकी साधारण 97 टक्के अडवतं, 50 चं 98 टक्के. म्हणजे आकड्यामागे पैसे घालवू नकोस, लावण्यात कंजुषी करू नकोस. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीच्या दोन रेघा, एवढं चेहरा आणि मानेला मिळून. स्कूटरवर तासन्‌तास असशील तर दोन तासांनी पुन्हा. खिडकीची काच सगळं ऊन अडवत नाही, तेव्हा ऑफिसात खिडकीशी बसणाऱ्यांनीही लावावं. वांग असलेल्यांना रंगीत सनस्क्रीन जास्त बरं. त्यातलं आयर्न ऑक्साइड साध्या उजेडालाही अडवतं. आणि ओढणी, टोपी, छत्री यांना कधीही नाव ठेवू नकोस. त्यांचा थर पुन्हा पुन्हा द्यावा लागत नाही.

जे माझ्याकडून चुकलं

हे मी कुणाला सहसा सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एक मुलगी आली, लग्नाला महिना होता. चेहरा उजळायला हवा होता. औषधाच्या दुकानात एक मलम मिळायचं, सगळ्याजणी लावायच्या. मीच सुचवलं. महिन्यात चेहरा असा तुकतुकीत झाला की तिच्या आईने मला साडी दिली. सहा-सात महिन्यांनी मुलगी माहेरी आली ती तोंडाला ओढणी गुंडाळून. मलम एक दिवस चुकलं तरी चेहऱ्याची आग व्हायची. गालांवर लाल शिरा, कपाळावर बारीक पुरळ, कल्ल्यांशी लव वाढलेली. डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. ते म्हणाले, यात स्टेरॉइड आहे. सावरायला वर्षाच्या वर गेलं. ती साडी मी कधी नेसले नाही.

म्हणून ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाच. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन अशी शेवटी ‘सोल’ नि ‘सोन’ असणारी नावं दिसली, तर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आणि त्याने सांगितलेल्या दिवसांपलीकडे ते चेहऱ्याला नाही. 2018 साली सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत घातली, तरी ती मिळतात. लावत असशील आणि आता भीती वाटली, तर एकदम बंद करू नकोस. डॉक्टर हळूहळू उतरवून देतील. ज्या डबीवर काय घातलंय तेच लिहिलेलं नाही ती तर घरातच आणू नये. गोरेपणाच्या काही क्रीममध्ये पारा निघालाय, आणि पारा मूत्रपिंडाला बाधतो.

नायट्यावरही लोक अशीच स्टेरॉइडची मलमं चोळतात. खाज दोन दिवस थांबते, नायटा पसरतो. हॉस्टेलसारख्या ठिकाणी राहणार आहेस, टॉवेल आणि आतले कपडे कुणाचे वापरू नकोस, आपले देऊ नकोस.

टिकली, मेंदी, केसांचा रंग

आजीच्या काळी कपाळाला आधी मेण, त्यावर कुंकू. आता टिकली. काहींच्या कातडीला टिकलीचा डिंक सोसत नाही, आधी खाज सुटते, मग तिथला रंगच उडून पांढरा गोल राहतो. बायकांना तो टिकली काढल्यावरच दिसतो, आणि पुष्कळजणी झोपतानाही काढत नाहीत. तू काढत जा. खाज आली तर टिकली बंद, मेणावर कुंकू किंवा गंध.

मेंदी केशरी-तांबडीच रंगते. दोन तासांत काळी होणारी मेंदी ही मेंदी नसून केसांच्या रंगातलं रसायन असतं. फोड येतात, आणि एकदा ते रसायन अंगाशी वैर धरून बसलं की पुढे केस रंगवतानाही चेहरा सुजतो. केस रंगवायची वेळ तुला यायचीय, पण आईला सांग, दर वेळी आधी कानामागे लावून 48 तास बघायचं.

पाय आणि डोकं

पावसात बूट भिजले की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. रात्री पाय धुवून बेचके कोरडे कर, यापेक्षा मोठं औषध नाही. टाचांच्या भेगांना आपलं भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, आहेच. मेणासारखा घट्ट गोळा असतो, जरा ऊब देऊन वितळव. आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय, मग भिरंडेल, वर सुती मोजे.

डोक्यात कोंडा झाला तर तेल थापू नकोस. कोंड्याच्या बुरशीचं तेच खाणं. कीटोकोनॅझोलचा 2 टक्क्यांचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, लावून पाच मिनिटं थांबून धुवायचा.

जे धुऊन जात नाही

शेवटचं, आणि हे नीट लक्षात ठेव. मान मखमलीसारखी जाड नि काळी पडली, तर बायका दगडाने घासतात. तो मळ नव्हे. पुष्कळदा शरीरात इन्सुलिन नीट चालत नसल्याची ती खूण असते, साखर तपासून घ्यावी. पाठीवर फिकट खवल्यांची शिबं आली तर ती बुरशी, साध्या औषधाने बरी होते. कोड पांढरंशुभ्र असतं आणि ते लागत नाही. शिवल्याने काही होत नाही. आणि एखाद्या फिकट चट्ट्यावर कापूस फिरवला तरी कळत नसेल तर लाज न धरता सरकारी दवाखान्यात जायचं. कुष्ठरोगाची औषधं तिथे फुकट मिळतात, आणि वेळेवर घेतली तर माणूस पूर्ण बरा होतो. तीळ आकार बदलत असेल, त्यातून रक्त येत असेल, तर तेही डॉक्टरला दाखवायचं.

पार्लरमध्ये अशा कुणी आल्या की मी फेशियलचे पैसे घ्यायचे नाही, रिक्षात बसवून द्यायचे.

सामानात मी चार वस्तू ठेवल्यात. सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि कागदात गुंडाळलेला भिरंडेलचा गोळा. तो लाडवांच्या डब्याशेजारी आहे, रूममेटने चावला तर दोष माझा नाही. पाचवी वस्तू घ्यावीशी वाटली तर दुकानातून मला फोन कर. मी काय विचारणार ते तुला ठाऊक आहे.

— आत्या