फाटकापाशी अर्धा तास

पुणे,
१२ नोव्हेंबर

चि. मनूस,


तुझ्या छकुलीच्या नव्या शाळेसाठी तू पाठवलेला पाच शाळांचा तक्ता मिळाला. बोर्ड, फी, घरापासूनचं अंतर, पोहण्याचा तलाव, एसी बस असे सगळे रकाने भरलेत. शेवटच्या 'माणसं कशी?' या रकान्यात मात्र पाचही ठिकाणी प्रश्नचिन्ह. माझं ऐकशील तर आधी तोच रकाना भर. तिच्या बंगलोरच्या शाळेत वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टांनी तुला किती वैताग आणला होता, ते फोनवर ऐकलंय मी. तलाव होता ना त्या शाळेला?

हा रकाना माहितीपत्रकावरून भरता येत नाही. त्यासाठी शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी अर्धा तास उभं राहायचं. ओपन हाउसच्या दिवशी नको, त्या दिवशी रांगोळीसुद्धा हसत असते. साध्या मंगळवारी जा. मी निवृत्त झाल्यावर शेजारच्या सुनेबरोबर अशीच एका नावाजलेल्या शाळेपाशी उभी होते. मोठ्या गाडीतून उतरलेल्या आईशी वर्गाच्या बाई चांगली पाच मिनिटं बोलल्या. मागे एक बाई मुलाची वही उघडून धरून उभी होती, खांद्याला भाजीची पिशवी. तिची पाळी आली तेव्हा बाई म्हणाल्या, "डायरीत लिहिलंय सगळं." डायरी इंग्रजीत होती. सून घरी येईपर्यंत बोलली नाही, आणि तिथला फॉर्मही तिने भरला नाही.

मुलं शिपाईमामांना, डबा उघडून देणाऱ्या मावशींना कशी हाक मारतात, तेही ऐक. त्याहून जास्त, ते मुलांना नावाने ओळखतात का ते बघ.

मग आत गेलीस की मुख्याध्यापकांना एक प्रश्न विचार: आरटीईची मुलं कुठल्या वर्गात बसतात? आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायदा, २००९ चा. त्याप्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या असतात. (अल्पसंख्याक संस्थांना हे लागू नाही, तिथे हा प्रश्न फुकट जाईल.) आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये, जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट, असा नियम आला होता. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. तुला उत्तरातला आकडा नकोय, उत्तर देणाऱ्याचा चेहरा हवाय. "सगळ्याच वर्गांत आहेत, वेगळी यादी नाही आमच्याकडे" असं सहज आलं तर एक खूण कर. "त्यांचीही आम्ही काळजी घेतो" असं आलं तर त्या 'त्यां'वर थांब.

छकुलीची किंवा तुम्हा दोघांची मुलाखत घ्यायची म्हणाले, तर ती बेकायदेशीर आहे. त्याच कायद्याच्या १३ व्या कलमात देणगी आणि अशी चाळणी दोन्हींना बंदी आहे. 'नुसत्या गप्पा' म्हणून तुझ्या नवऱ्याचं पॅकेज विचारणारी शाळा पुढे छकुलीलाही काय विचारणार, ते सांगायला नको.

पालक-शिक्षक संघाचीही चौकशी कर. महाराष्ट्राच्या २०११ च्या फी कायद्यानुसार कार्यकारी समितीवरचे पालक सोडतीने निवडायचे असतात, आणि फीचा प्रस्ताव त्या समितीपुढे जातो. गेल्या वर्षी सोडत कधी झाली, एवढंच विचार. तीच चार माणसं वर्षानुवर्षं समितीवर असतील तर बाकीच्या पालकांना तिथे कितपत जागा आहे, ते कळेल.

सगळ्यांना सारखी जागा देणाऱ्या शाळा नसतातच असं मानू नकोस. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन सुरू केलं. त्या मूळच्या अमेरिकन, भाषेच्या अभ्यासासाठी फलटणला आल्या आणि तिथल्याच झाल्या. शाळेबाहेर राहिलेल्या दलित मुलांना शिकवता शिकवता त्यांनी ही शाळा काढली, आणि सगळ्या थरांतली मुलं एकाच वर्गात यावीत हा पहिल्यापासूनचा हेतू. शाळा मराठी माध्यमाची. तुझ्या तक्त्यात मराठी माध्यमाची एकही नाही, हे मी पाहिलं. त्यावर भांडण समोरासमोर करू.

एक मात्र सांभाळ. साधेपणाचाही तोरा असतो. खादीचे कुर्ते, मातीची भांडी, शेणाने सारवलेली ओसरी, आणि "आमच्याकडे तशा घरातली मुलं येत नाहीत" असं म्हणणारी शाळाही मी पाहिली आहे. नवश्रीमंतांना नाकं मुरडणारी मंडळी मला एसी बसवाल्यांपेक्षा जड जातात, कारण त्यांच्याशी भांडायलाही विषय मिळत नाही.

आणि तू? मागच्या दिवाळीत छकुलीच्या मैत्रिणीबद्दल सांगताना "तिचे बाबा काय करतात कोण जाणे, पण मुलगी गोड आहे" म्हणाली होतीस. त्या 'पण'वर मी तेव्हा काही बोलले नाही, पाहुणे होते. शाळेतले बाकीचे पालकही फाटकापाशी उभे राहून तुझ्याकडे बघणार आहेत.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतेस ना? मंगळवार धरून ये, छकुलीलाही आण. दोन शाळा मी बरोबर येऊन बघेन, तिसरीला गुडघे नाही म्हणतील. आणि गेल्या वेळी नेलेली लोणच्याची बरणी रिकामी का होईना, परत आण.

तुझी,
आत्या