वाढीव खोली आणि सांडपाण्याची वाट

कुटुंब वाढले की राहत्या घरास एखादी खोली जोडावी लागते. खेड्यात ती बहुधा परसाच्या बाजूस काढली जाते आणि न्हाणी व मोरी यांचे सांडपाणी नेणारा नळही पुष्कळदा त्याच बाजूस असतो. तो जागीच ठेवून त्यावर जमीन घातली, तर पुढे एखादा सांधा सुटून पाणी घराच्या पायात मुरू लागते. काळ्या मातीत याची हानी अधिक. ही माती ओलीने फुगते, वाळताना आकसते, आणि भिंतीस तडे जातात. म्हणून पाया खणण्यापूर्वीच सांडपाण्याची वाट बदलावी.

जुनी वाट : मोरीत नीळ कालवलेले पाणी ओतून ते कोठे निघते हे पाहावे. दोन-तीन ठिकाणी माती उकरून नळाची दिशा व खोली निश्चित करावी आणि खुंट्या ठोकून दोरी लावावी.

नवी वाट : नळ नव्या पायाच्या चरापासून दोन हात दूर ठेवून बाहेरून न्यावा. वळणावर झाकणाची लहान कुंडी बांधावी. नळ तुंबल्यास तेथून कामटी घालून तो मोकळा करता येतो.

उतार : वळसा घातल्याने वाट लांबते व उतार कमी पडतो. 10 सेंटिमीटर व्यासाच्या नळास दर मीटरला अडीच सेंटिमीटर उतार द्यावा. म्हणजे 8 मीटर लांबीस 20 सेंटिमीटर. तेवढा फरक मिळतो की नाही, हे पारदर्शक नळीत पाणी भरून आधीच तपासावे. मिळत नसल्यास शोषखड्ड्याची जागा बदलावी.

खोलीखालून नेणे अटळ असल्यास नळ सरळ रेषेत टाकावा व दोन्ही टोकांस कुंड्या घ्याव्यात. जमिनीखाली सांधा येऊ देऊ नये. पायाच्या भिंतीत नळापेक्षा मोठे भोक ठेवावे, म्हणजे भिंत खचली तरी भार नळावर येत नाही.

शोषखड्डा : 2019 मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने दर माणशी रोज 55 लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले. पाच माणसांच्या घरी हे 275 लिटर होते आणि त्यातील बराचसा भाग सांडपाणी बनतो. खड्डा घरापासून 3 व विहिरीपासून निदान 15 मीटर दूर असावा. त्यापूर्वी जाळीची गाळकुंडी ठेवावी. चिकण मातीत पाणी लवकर जिरत नाही. तेथे ते केळी, अळू यांच्या वाफ्यास द्यावे. शौचालयाचा नळ या वाटेस मुळीच जोडू नये.

पुरण्यापूर्वी : खालचे तोंड बंद करून नळ पाण्याने भरावा व अर्ध्या तासाने प्रत्येक सांधा पाहावा. कोरडा असेल तरच माती लोटावी. जुना नळ काढून टाकावा, अथवा त्याची दोन्ही तोंडे बुजवावीत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बांधकामाची वार्ता कानी येताच, चर खणण्यापूर्वी, त्या घरी जावे. एका दिवसाची ही पाहणी पुढे भिंत व विहीर दोन्ही राखते.