निवडणुकीचे दिवस आणि शाळेचा बाक

कर्नाटकात १० मे २०२३ रोजी विधानसभेची आणि उत्तर कन्नड मतदारसंघात ७ मे २०२४ रोजी लोकसभेची निवडणूक झाली. दोन्ही वेळी शाळांना उन्हाळ्याची सुट्टी होती. प्रचाराची धामधूम ऐन भरात असता मुले गुरुजींसमोर नव्हती. रविवारी मात्र ती आपल्या शब्बाथशाळेत होती. सुट्टी संपून शाळा भरते तेव्हा मोठ्यांची भांडणे दप्तरातून वर्गात येतात. म्हणून प्रस्तुत पाठ जितका शाळेच्या शिक्षकांसाठी तितकाच आपल्यासाठीही आहे.

जोयडा तालुक्यातील कुळगीचा विचार करू. दांडेलीजवळचे हे रानातले गाव. या भागात पुष्कळ घरांत कोंकणी किंवा मराठी बोलतात, कचेरीचा कारभार कन्नडात चालतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता व तालुक्याचे नाव सुपे होते. पुढे सुपे गाव काळी नदीवरील धरणात बुडाले. महाराष्ट्राच्या मागणीत कारवार व हल्याळबरोबर सुपेही होते. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने मानला नाही, आणि २००४ साली दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. इतका जुना वाद कोणत्याही निवडणुकीत फुंकर घालून पेटवता येतो. त्यात व्याघ्र प्रकल्पाच्या रानातून मोबदला घेऊन बाहेर पडावे की तेथेच राहावे, हा प्रश्न आहेच. त्यावर सख्ख्या भावांचेही एकमत होत नाही.

सीमाभागातील एका शब्बाथशाळेत आम्ही पाहिले, की एकाच आळीतल्या दोन मुली बापांच्या पक्षांमुळे बाक बदलून बसल्या. बाईंनी दटावून त्यांना एकत्र बसविले. बसल्या खऱ्या, पण गीताच्या वेळी दोघींनीही तोंड उघडले नाही. दटावणीचा उपयोग का झाला नाही? मुलाला पक्ष कळत नाही, बाप कळतो. पक्षाला हसले म्हणजे बापाला हसले, असे त्याला वाटते. ही निष्ठा वाईट नाही. तिच्यावर डोळे वटारू नयेत.

बारा शिष्यांची यादी काढून पाहा. मत्तय सत्तेसाठी जकात गोळा करणारा. शिमोन जिलोत, म्हणजे नावानेच स्वराज्याचा कडवा कैवारी. दोघे एका पंक्तीला जेवत. त्यांच्यात कोणते वाद झाले हे शुभवर्तमानात लिहिलेले नाही. मुलांनाच विचारा: पहिल्या रात्री जेवताना ते काय बोलले असतील? उत्तरे ऐका, दुरुस्त करू नका.

वर्गात नकली मतदान घ्यायचे तर पक्षांची खरी चिन्हे वापरू नका. आवारात आधी पाण्याची टाकी हवी की कुंपण, एवढाच प्रश्न पुरे. मत गुप्त ठेवा, आणि निकाल हरलेल्या बाजूच्या मुलाकडून वाचवून घ्या. बोटाची शाई मैसूरच्या सरकारी कारखान्यात होते, हे सांगितले तर मुले कान टवकारतात. शिक्षकाने आपले मत सांगू नये. मुले खोदून विचारतील, तरी नाही. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचार चालत नाही, आणि मुलांना प्रचारात राबवू नये असे निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पक्षांना बजावले आहे. मंडळीतल्या पुढाऱ्यांनाही याची आठवण द्यावी लागते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

वाद निघालाच तर एक नियम ठेवा: समोरच्याचे म्हणणे, त्याला पटेल असे, आधी आपण बोलून दाखवायचे; मगच उत्तर. वर सांगितलेल्या बाईंनी पुढच्या रविवारी हेच केले. पहिली मुलगी म्हणाली, "हिच्या बाबांना गावात बस पाहिजे." दुसरीने लगेच मान हलविली. "बस आहे गं. ती थांबत नाही, म्हणून बाबा चिडतात." पहिलीने पुन्हा सांगितले, या खेपेस बरोबर. गीत सुरू झाले तेव्हा त्या अजून निरनिराळ्या बाकांवर होत्या. बाईंनी त्यांना तसेच बसू दिले.