पऱ्हाट्यांचा कोळसा

कपाशीची शेवटची वेचणी झाली की वऱ्हाडातील शेतकऱ्यांपुढे पऱ्हाट्यांचा प्रश्न उभा राहतो. त्या शेतात ठेवल्यास किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. पेटवून दिल्यास धूर व मूठभर राख एवढेच पदरी पडते. त्यांचा कोळसा करणे अधिक हिताचे होय.

किडकी बोंडे प्रथम तोडून जाळावीत व पऱ्हाट्या कडक वाळवाव्यात. वस्तीपासून दूर, वर पाच फूट रुंद, खाली निमुळता व अडीच फूट खोल असा खड्डा घ्यावा. तळाशी थोड्या पऱ्हाट्या रचून वरून पेटवाव्यात. निखाऱ्यांवर पांढरी राख धरू लागताच पुढचा पातळ थर टाकावा. वरच्या ज्वाळा हवेतील प्राणवायू खाऊन टाकतात, म्हणून खालचा कोळसा राख होण्यापासून वाचतो. एकदम भारा टाकल्यास ज्वाळा मोडते आणि धूर कोंडतो; नवशिक्याचे चुकते ते येथेच. खड्डा भरताच भरपूर पाणी ओतावे. वरून विझलेला कोळसा आत धगधगत असतो व त्याच्या विषारी वायूला वास नसतो. तो लगेच घरात वा गोठ्यात मुळीच नेऊ नये.

शेगडीत जाळल्यास सरपण वाचते, परंतु कर्ब पुन्हा हवेत जातो. जमिनीत घातल्यास त्याचा बराचसा भाग शेकडो वर्षे टिकतो. कोरा कोळसा पिकाचे नत्र काही काळ अडवून ठेवतो, म्हणून तो आधी शेणखतात मुरवावा. चुनखडीच्या काळ्या जमिनीत मोठ्या उत्पन्नवाढीची आशा धरू नये. कोकणच्या आम्ल जमिनीत त्याचा गुण अधिक दिसतो. पहिल्या वर्षी एकाच वाफ्यात घालून शेजारच्या वाफ्याशी पीक ताडून पाहावे.